आईला ‘पुढे पाठवलं’ म्हणजे काय? बाळंतपण, बाळ आणि रेफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालघर जिल्ह्याच्या डोंगरी भागात मी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून काम करते. खालचे प्रश्न लेबर रूमच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या नवऱ्यांनी, सासवांनी, आशाताईंनी मला वर्षानुवर्षं विचारलेले आहेत. आमच्याकडची अडलेली बाई कधी जव्हारला जाते, कधी नाशिकला, कधी ठाण्याला, तर कधी हद्द ओलांडून दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासाला. असं पुढच्या दवाखान्यात पाठवण्यालाच ‘रेफर’ म्हणतात. एकाच बाळंतपणात तीन-चार दवाखान्यांचे हात लागतात. हे हात एकमेकांपर्यंत पोचले नाहीत की बाई मधल्या मध्ये राहते. म्हणून उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

गावात दवाखाना आहे, मग पुढे कशाला पाठवता?

कारण प्रत्येक दवाखान्यात सगळं नसतं, आणि तशी रचनाच केलेली आहे. आदिवासी भागात साधारण 3,000 वस्तीमागे एक उपकेंद्र आणि 20,000 वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. उपकेंद्रात नर्सबाई असते. ती तपासणी करते, लोहाच्या गोळ्या देते, धनुर्वात-घटसर्पाचं टीडी इंजेक्शन देते, साधं बाळंतपणही करते. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर असतो, पण सिझर होत नाही. त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि शेवटी मेडिकल कॉलेज.

सिझर करायचं तर नुसती खोली आणि टेबल पुरत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूल देणारा डॉक्टर आणि बाळाचा डॉक्टर असे तिघं एका वेळी हजर लागतात, शिवाय फ्रीजमध्ये रक्ताची पिशवी लागते. हे चोवीस तास मिळतं त्या ठिकाणाला सरकारी भाषेत ‘प्रथम संदर्भ केंद्र’ म्हणतात. तिघांपैकी एक रजेवर असला तरी त्या रात्री ते केंद्र कागदावरच उरतं. म्हणून ‘जवळचा दवाखाना कोणता’ एवढंच विचारून भागत नाही. ‘आत्ता, या घडीला सिझर कुठे होईल’ हे विचारावं लागतं, आणि ते आधी फोन करूनच कळतं.

रेफर केलं म्हणजे डॉक्टरांनी हात वर केले का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि त्या रागात तथ्यही असतं. माझं म्हणणं असं की रेफर म्हणजे सोपवणं. मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर देताना समोरच्याने नीट धरलंय हे पाहिल्याशिवाय आपण हात सोडत नाही. बाई गाडीत बसली म्हणजे रेफर पूर्ण झालं, असं मी मानत नाही. पुढच्या दवाखान्याने ‘पेशंट पोचली, आम्ही घेतली’ असं सांगितलं की ते पूर्ण होतं.

एक रात्र सांगते. पहाटे तीनच्या सुमारास दुसऱ्या एका दवाखान्यातून झटके येऊन गेलेली बाई आमच्याकडे आली. सोबतच्या कागदावर एकच ओळ होती: ‘पुढील उपचारासाठी’. बीपी किती होतं, झटके किती वेळा आले, काहीच नाही. दोन्ही कुल्ल्यांवर सुईच्या ताज्या खुणा होत्या. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट देतात, पहिला डोस दोन्ही बाजूंना पाच-पाच ग्रॅम खोल टोचतात, म्हणजे ते दिलेलं असावं असा अंदाज. पण अंदाजावर हे औषध देता येत नाही. जास्त झालं तर श्वास मंदावतो, नाही दिलं तर पुन्हा झटका येतो. आम्ही गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का पाहिला, श्वास मोजले, लघवीच्या पिशवीत किती आलंय ते बघितलं. एकीकडे त्या दवाखान्याला फोन लावत होतो. तो उचलला जाईपर्यंत वीस मिनिटं गेली. बाई वाचली, बाळही वाचलं. पण ‘मॅगसल्फ 10 ग्रॅम, रात्री 11.40’ एवढं कागदावर लिहिलं असतं तर ती वीस मिनिटं तिच्या वाट्याला आलीच नसती.

मग रेफरच्या कागदावर काय लिहिलेलं असावं? आम्ही अडाणी माणसं, आम्हाला काय कळणार?

कळतं. फक्त मागायची हिंमत करायची. कागदावर बाईचं नाव, कितवं बाळंतपण, किती महिने भरलेत, शेवटचं बीपी, नाडी, हिमोग्लोबिन, रक्तगट, कळा कधी सुरू झाल्या, पाणी कधी गेलं, बाळाचे ठोके किती, कुठलं औषध किती वाजता दिलं, आणि का पाठवतोय हे असायला हवं. सगळं वाचता आलं नाही तरी वेळ आणि आकडे आहेत का, हे कुणालाही दिसतं. कागद कोरा दिसला तर ‘सिस्टर, औषधाची वेळ लिहून द्या’ एवढं म्हणा. चांगली सिस्टर रागावणार नाही.

दुसरी गोष्ट, पुढच्या दवाखान्यात कुणाशी बोलणं झालं त्याचं नाव विचारून घ्या. ‘मी सांगितलंय तिकडे’ एवढ्यावर थांबू नका. कुणाला सांगितलं ते नाव आणि वेळ कागदाच्या मागे लिहून घ्या. रात्री सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, उभं राहून ‘अमुक मॅडमशी बोलणं झालंय’ असं सांगता आलं तर दार लवकर उघडतं, हे मी पाहिलेलं आहे.

माता बाल संरक्षण कार्डही सोबत हवंच. पहिल्या तीन महिन्यांपासूनच्या सगळ्या तपासण्या त्यावर असतात. ते घरी पत्र्याच्या पेटीत राहिलं तर पुढच्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

108 ला फोन करायचा की 102 ला?

जीवावर बेतलंय असं वाटलं तर 108. रक्त जातंय, झटके आलेत, बाळाचा हात किंवा नाळ आधी बाहेर आली आहे, बाई बेशुद्ध आहे, अशा वेळी विचार करत बसू नका. महाराष्ट्रात ही सेवा 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी सुरू झाली. गाडीत डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो. त्यातल्या 233 गाड्या जास्त साधनांच्या, म्हणजे व्हेंटिलेटरसकटच्या होत्या.

102 ही गरोदर आई आणि तान्ह्या बाळासाठीची गाडी. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि बाळंतपणानंतर घरी सोडायला. बहुतेक वेळा ती जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात उभी असते. कळा नुकत्या सुरू झाल्यात आणि बाकी सगळं ठीक आहे, तर 102 बोलवा. तिच्या ड्रायव्हरचा नंबर आशाताईकडे असतो. तो सातव्या महिन्यातच आपल्या फोनमध्ये घालून ठेवा, कळांच्या वेळी शोधायला नको.

आमच्या पाड्यावर गाडी येतच नाही. पावसाळ्यात तर ओढा आडवा येतो. काय करायचं?

खरं आहे. आजही झोळी करून, दोन बांबूंना चादर बांधून, बाईला रस्त्यापर्यंत आणलं जातं. चार माणसं, एक बॅटरी आणि निसरडी पायवाट. यावर कुठल्याही हेल्पलाइनचं उत्तर पुरेसं नाही, रस्ताच व्हायला हवा, आणि तो मागत राहायला हवं.

तोवरचा उपाय म्हणजे दिवस भरण्याआधीच खाली येऊन राहणं. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ आहे. बाळंतपणाच्या काही दिवस आधी बाईने तिथे यायचं. सोबत एक बाई आणि धाकटं मूलही आणता येतं. जेवण मिळतं, रोज तपासणी होते, बुडीत मजुरीही मिळते. बायका यायला तयार नसतात त्याचं कारण बहुतेकदा घरची शेळी-कोंबडी, मोठी मुलं आणि ‘अजून कळा कुठे आल्यात’ हे असतं. सासूबाईंना माझी विनंती, तुम्ही सोबत या. तुम्ही आलात की सून येते.

पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, कुठल्या गावाचा संपर्क तुटतो आणि त्या गावात जून ते सप्टेंबर कुणाचे दिवस भरतात याची यादी आरोग्य केंद्रात केली जाते. मेळघाटातल्या बालमृत्यूंनंतर 1995 मध्ये नवसंजीवन योजना आली, तेव्हापासूनची ही पद्धत. आपल्या घरातल्या बाईचं नाव त्या यादीत आहे का, ते विचारून घ्या.

जव्हार, नाशिक, ठाणे की सिल्वासा? कुठे न्यायचं हे कोण ठरवतं?

ठरवायला हवं डॉक्टरने, फोनवर विचारून. प्रत्यक्षात पुष्कळदा रस्ता ठरवतो.

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला. नकाशा बदलला, पण बायकांच्या वाटा तशाच राहिल्या. मोखाड्याची बाई अडली की जव्हारचं रुग्णालय जवळ. तिथे जमलं नाही तर नाशिक, जव्हारपासून सुमारे 80 किलोमीटर. त्र्यंबकेश्वरकडे जाताना तोरंगण घाट लागतो, आणि धुक्याच्या रात्री तो घाट पार होईपर्यंत गाडीत कुणी बोलत नाही. तलासरीकडची बाई सिल्वासाच्या विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलला किंवा गुजरातेत वलसाडला जाते. डहाणूकडच्यांना कासा किंवा डहाणूचं रुग्णालय, आणि हायवेने मुंबई. वाड्याची बाई भिवंडी-ठाण्याकडे उतरते. एका जिल्ह्याच्या बायका अशा पाच दिशांना जातात, आणि त्यातल्या दोन दिशा दुसऱ्या प्रशासनाच्या हद्दीत आहेत.

नियम सोपा करून सांगते. जवळचं ते आधी, पण तिथे ते काम होत असेल तरच. सिझर लागणार हे स्पष्ट असेल आणि मधल्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ नसेल, तर तिथे थांबून पुन्हा गाडी बदलण्यात तास-दीड तास जातो. अशा वेळी मधला टप्पा वगळून थेट जावं. मात्र बाईला रक्तस्राव होत असेल तर मधल्या टप्प्यावर थांबून सलाइन आणि ऑक्सिटोसिन (गर्भपिशवी आकसून रक्त थांबवणारं औषध) देऊन, तिला जरा सावरून मगच पुढे न्यावं. हा निर्णय डॉक्टरचा, ड्रायव्हरचा नाही आणि गावच्या पुढाऱ्याचाही नाही.

हद्दीपलीकडच्या सरकारी दवाखान्यात पैसे पडतील का?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम जून 2011 मध्ये सुरू झाला आणि तो सगळ्या देशासाठी आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, सोनोग्राफी, रक्त, जेवण, सगळं मोफत. साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझरला सात दिवसांपर्यंत जेवण. एका दवाखान्यातून दुसऱ्यात न्यायची गाडीही मोफत. आजारी बाळालाही वर्षाचं होईपर्यंत हेच. आधार कार्ड घरी राहिलं म्हणून कळा सुरू असलेल्या बाईला कुणी दारात थांबवू शकत नाही.

तरी रहिवासाचे कागद, बँक पासबुकाची झेरॉक्स पिशवीत ठेवा. उपचार त्यांच्यावाचून थांबायला नकोत, पण जननी सुरक्षा आणि मातृवंदना या आईसाठीच्या सरकारी योजनांचे पैसे मिळवताना ते कामी येतात.

कार्डावर लाल स्टिकर लावलंय. घाबरायचं का?

घाबरू नका, पण विसरूही नका. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरकडून गरोदर मातांची तपासणी होते. 2016 पासूनचा हा कार्यक्रम. त्यात जोखीम दिसली की कार्डावर लाल खूण येते. हिरवी म्हणजे सध्या सगळं ठीक, निळी म्हणजे गरोदरपणात वाढलेलं बीपी, पिवळी म्हणजे मधुमेह किंवा थायरॉइडसारखा सोबतचा आजार.

लाल खुणेच्या बाईचं बाळंतपण कुठे होणार हे आठव्या महिन्यातच ठरलेलं असावं. हिमोग्लोबिन 7 च्या खाली, आधीचं सिझर, जुळी, बाळ आडवं, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), बीपी 140/90 किंवा त्याहून जास्त, अशा बायकांनी गावात कळांची वाट बघायची नसते. एकदा सिझर झालेल्या बाईला दुसऱ्या वेळी ‘बघू, होईल साधं’ म्हणून पाड्यावर ठेवणं फार धोक्याचं आहे, कारण कळांमध्ये जुनी शिवण फाटू शकते. हे मी प्रत्येक नवऱ्याला वेगळं बसवून सांगते.

‘आमच्याकडे बेड नाही’ असं म्हणाले तर?

सर्वोच्च न्यायालयासमोर 1996 मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीचं प्रकरण आलं होतं. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या शेतमजुराला कोलकात्याच्या एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी परत पाठवलं होतं, कुठे बेड नाही म्हणून, कुठे सोय नाही म्हणून. तातडीच्या वेळी सरकारी दवाखान्याने उपचार नाकारणं म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग, असं न्यायालयाने सांगितलं. त्याच निकालात कुठल्या दवाखान्यात जागा आहे ते लगेच कळावं अशी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा उभारायलाही सांगितलं होतं. तो माणूस बाळंतीण नव्हता, पण त्या रात्री त्याला जे हवं होतं तेच आमच्या बायकांना आजही हवं आहे.

म्हणून प्रत्यक्षात काय करायचं? आधी बाईला तपासून, तिचा जीव सावरेल इतकं करून घ्या. बेड नसला तरी तपासणी, सलाइन आणि पहिला डोस देता येतो. त्यानंतरही जागा नसेल तर ‘कुठे आहे ते तुम्ही फोन करून सांगा आणि गाडी तुम्हीच द्या’ असं म्हणा. पुढचा दवाखाना शोधणं हे दवाखान्याचं काम आहे, रस्त्यावर उभ्या नातेवाइकांचं नाही. 104 हा आरोग्य सल्ल्याचा नंबरही मदतीला आहे.

रक्त लागणार म्हणतात. ते आम्ही आणायचं का?

गरोदर आईला सरकारी दवाखान्यात रक्त मोफत आहे. ‘आधी बदली माणूस द्या, मग पिशवी’ असं अडवायचं नसतं. तरी वास्तव हे की ग्रामीण रुग्णालयातल्या रक्तसाठवण केंद्रात थोड्याच पिशव्या असतात, आणि निगेटिव्ह गट मिळणं कठीण. आपला गट निगेटिव्ह असेल तर ते प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा सांगा. अशा आईचं बाळ पॉझिटिव्ह निघालं तर 72 तासांच्या आत आईला अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर तिच्या अंगात पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध प्रतिकार तयार होऊ शकतो. आईला तिसऱ्या दवाखान्यात हलवलेलं असतं, बाळाचा गट दुसऱ्या दवाखान्यात तपासलेला असतो, आणि इंजेक्शन राहून जातं. त्याचा त्रास या बाळाला होत नाही, पुढच्याला होतो. आशाताईंनी ही एक गोष्ट वहीत गोल करून ठेवावी.

बाळ काचेच्या पेटीत ठेवायचं म्हणतात. तिथपर्यंत न्यायचं कसं?

आजारी नवजात बाळांचा मोठा कक्ष, ज्याला आम्ही एसएनसीयू म्हणतो, तो साधारणपणे जिल्ह्याच्या पातळीवर किंवा मोठ्या रुग्णालयात असतो. ग्रामीण रुग्णालयात छोटा कक्ष असतो आणि प्रत्येक बाळंतपणाच्या खोलीत निदान उष्णता देणारा दिवा आणि बाळाला श्वास देण्याची पिशवी. 1,800 ग्रॅमच्या खालचं किंवा 34 आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ मोठ्या कक्षात जायला हवं.

वाटेत अशा बाळाचा पहिला शत्रू थंडी. डिसेंबरात घाटात गाडीची काच बंद असली तरी बाळ गार पडतं. गार पडलेल्या बाळाची साखर उतरते, मग ते दूध ओढत नाही, मग श्वास अडखळतो. यावरचा उपाय फुकटचा आहे. बाळाला डोक्यावर टोपी, पायात मोजे, अंगावर फक्त लंगोट, आणि आईच्या किंवा आजीच्या उघड्या छातीवर मधोमध उभं. वरून लुगड्याने दोघांना घट्ट बांधायचं. नाक मोकळं, मान किंचित वर. मी एका आजीला असंच बांधून दिलं होतं. पोचल्यावर तिने फोन केला, ‘सिस्टर, माझ्याच छातीत घाम आला, पोर गरम आहे.’ आई शुद्धीवर नसेल तर बापही चालतो. गरम पाण्याची बाटली बाळाजवळ ठेवू नका, भाजतं.

अजून एक. वेळेआधी बाळंत होण्याची भीती असेल तर जन्माआधीच, आई अजून पोटुशी असतानाच तिला हलवणं कधीही चांगलं. पोटासारखी काचेची पेटी अजून कुणी बनवलेली नाही. 24 ते 34 आठवड्यांदरम्यान कळा आल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनचा पहिला डोस पाठवण्याआधी देतात. तो दिला का, हेही कागदावर हवं.

आई एका दवाखान्यात आणि बाळ दुसऱ्यात, असं झालं तर?

हे सगळ्यात वाईट. सिझरची आई जव्हारला आणि बाळ नाशिकला, आणि मधे बाप एसटीने ये-जा करतो. शक्य तिथे दोघांना एकत्रच हलवायचा आग्रह धरा. नाहीच जमलं तर बाळासोबत जाणारं माणूस ठरवा, आणि आईचं पिळून काढलेलं दूध स्वच्छ उकळलेल्या वाटीत रोज पोचतं का पाहा. दूध न काढल्यामुळे आटलेल्या आया मी पाहिल्या आहेत. दोन दिवसांनी बाळ परत आलं तेव्हा त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं.

लसींचाही घोळ इथेच होतो. जन्मानंतर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बीचा डोस असतो. हिपॅटायटिसचा 24 तासांत द्यायचा असतो. एक दवाखाना म्हणतो पुढे देतील, पुढचा म्हणतो मागे दिली असेल. दिली की नाही ते कार्डावर तारखेसह लिहून घ्या.

खासगी दवाखान्यातून शेवटच्या क्षणी सरकारीत पाठवलं. चालतं का?

चालतं, आणि नाकारता येत नाही. पण तिथल्या कागदांची मागणी करा. सोनोग्राफी, केलेल्या ऑपरेशनची नोंद, दिलेलं रक्त, हे तुमच्या हक्काचं आहे. बिल थकलं म्हणून कागद अडवता येत नाहीत. धर्मादाय दवाखान्यांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, ते आधी विचारा.

दिवाळीनंतर आम्ही वीटभट्टीवर जातो. तिथे कोण बघणार?

जव्हार-मोखाड्याची कितीतरी घरं उचल घेऊन भिवंडी, वसईकडे जातात आणि शिमग्याला किंवा पावसाच्या तोंडावर परततात. पाचव्या महिन्यात गेलेली बाई आठव्यात भट्टीवर असते. इथली नर्सबाई तिला शोधते, तिथली नर्सबाई तिला ओळखत नाही.

यावर उपाय म्हणजे तिचा आरसीएच नंबर. कार्डावर लिहिलेला हा आकडा देशात कुठेही तिची नोंद उघडून दाखवतो. निघण्याआधी आशाताईला ठिकाण आणि मुकादमाचा नंबर द्या. तिकडे गेल्यावर पहिल्या आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रात कार्ड दाखवा. मुकादम आठवड्यातून एक सुट्टी देत नसेल तर तसंही आशाताईला सांगा, आम्ही तिकडच्या आरोग्य केंद्राशी बोलतो. बोललं तर होतं, हे माझ्या अनुभवाचं आहे.

घरचे म्हणतात पुढे नेऊ नका, जे व्हायचं ते इथेच होऊ दे. सही करून घरी नेलं तर?

बहुतेकदा यामागे पैशाची भीती असते, लांबच्या शहराची भीती असते, आणि ‘मागच्या वेळी शेजारच्या बाईला नेलं ती परत आली नाही’ ही आठवण असते. तिला मी अंधश्रद्धा म्हणत नाही. ते दुःख आहे. अशा वेळी मी दोन गोष्टी करते. गाडी, जेवण, राहणं फुकट आहे हे सांगते, आणि पुढच्या दवाखान्यातल्या सिस्टरचं बाईशी स्वतः फोनवर बोलणं करून देते. समोरून ‘ये गं, मी आहे इथे’ असं ऐकलं की पुष्कळ बायका उठून बसतात. तरीही घरच्यांनी नेलंच, तर आशाताईला त्याच रात्री कळवतो आणि दुसऱ्या दिवशी घरी जातो.

आई दगावली तर पुढे काय होतं?

गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर 42 दिवसांत आई गेली तर तो माता मृत्यू धरतात. 24 तासांत कळवायचं असतं. त्यानंतर दवाखान्यात आणि घरी, दोन्हीकडे विचारपूस होते: कधी त्रास सुरू झाला, निर्णय कधी झाला, गाडी कधी मिळाली, दवाखान्यात हात कधी लागला. घरात ठरवायला, वाटेत पोचायला आणि दवाखान्यात उपचार सुरू व्हायला लागलेला वेळ, असे तीन उशीर शोधले जातात. कुणाला फासावर चढवायला ही चौकशी नसते. खरं सांगा, वेळा सांगा.

2018-20 च्या नोंदींनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 माता दगावत होत्या, देशात 97, केरळात 19. राज्यातली जवळपास 95 टक्के बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. बायकांनी दवाखान्यात यायचं ठरवलं, त्यांनी त्यांचं काम केलं. उरलेलं काम दवाखान्यांच्या मधल्या वाटेवर आहे.

घरी सोडलं. आता आपला संबंध संपला का?

मोठ्या दवाखान्यातून सुट्टी झाली की तिथून आपल्या आरोग्य केंद्राला खबर यायला हवी, आणि ती नेहमी येत नाही. म्हणून सुट्टीचा कागद घेऊन दुसऱ्याच दिवशी आशाताईला दाखवा. आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येऊन बघते. घरोघर जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून सिद्ध केली, आणि आता ती देशभर आहे.

बाळ दूध ओढत नाही, श्वास मिनिटाला 60 च्या वर, छाती आत खेचली जाते, तळपाय-तळहात पिवळे, अंग गार, झटके, यातलं एकही दिसलं तर तिच्या भेटीची वाट बघू नका. आईला ताप, घाण वास येणारा स्राव, पुन्हा रक्त, डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तरी लगेच या. झटके बाळंतपणानंतरही येतात.

आणि येताना तोच जुना रेफरचा कागद घेऊन या, चुरगळलेला असला तरी चालेल. त्यावरची शेवटची औषधाची वेळ आम्हाला वाचायची असते.